चौथा नंबर आमचाच

५ ऑक्टोबर १९७३, शुक्रवार
आज घरी आलं ते असं. सुक्या घेवड्याचं पोतं एक, वीस पौंडी, तीन डॉलर साठ. काकवीचा डबा, नव्वद सेंट. जुनी गादी एक, कॉन्व्हेंटच्या विक्रीतून, दोन डॉलर. डाग आहे, पण उलटी टाकली की दिसत नाही. आणि गोलकीपर एक, बसने, सॅस्कॅचेवानहून. तो फुकट. उलट त्याच्या खोली-जेवणाचे क्लबच आठवड्याला बावीस डॉलर देणार.

गोलकीपरचं नाव मर्व्हिन होलोवाटी. फोटोत केस होते. प्रत्यक्षात नाहीत. वय छत्तीस. समोरचे वरचे चार दात गेलेले, म्हणजे सफरचंदं वाचतील. स्वभावाने गरीब. जिन्यावर माझ्या हातून टोपली घेतली आणि गुडघा धरून तिथेच बसला. म्हणाला, मादाम, सवय आहे, दोन मिनिटांत उठतो.

संध्याकाळच्या पेपरात मि. टटलचं निवेदन. टटल म्हणजे फर्निचरवाला, आमच्या लॉगर्स या आइस हॉकी टीमचा मालक. ग्रॅनाइट लीगमध्ये टीम सहा. पहिल्या चारांत आलो तर पुढच्या फेऱ्या, तिकीटविक्री, सगळं. नाही आलो तर टीम बंद, रिंकला कुलूप. गेल्या वर्षी आम्ही सहावे होतो.

रिंकला कुलूप म्हणजे माझ्या नवऱ्याला, ओव्हिलाला कुलूप. कागदगिरणीतून काढल्यापासून रिंकचा बर्फ तोच राखतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी या सेंट ओडिल गावात त्याला दुसरं काम कोण देणार?

पण गेल्या वर्षी गोलकीपर मादाम कॉरिव्होकडे राहत होता. यंदा माझ्याकडे आहे. तेव्हा चौथा नंबर ठरला. ओव्हिलाला तसं सांगितलं. तो म्हणाला, फ्लोरियान, पाचवे आलो तर पॅड बांधून तूच उभी राहा हं.

१४ ऑक्टोबर, रविवार
काल पहिली मॅच. हार्टवेलविरुद्ध, घरच्या बर्फावर. हरलो, ८–२.

कोचचा निरोप होता की मॅचच्या दिवशी दुपारी गोलकीपरला स्टेक, मांसाचा जाड काप, द्यायचा. काल शनिवार. शनिवारी सेंट ओडिलमध्ये घरोघरी घेवडा शिजतो. कोच ओहायोचा आहे, त्याला काय ठाऊक. मर्व्हने दोन ताटल्या खाल्ल्या. सभ्य माणूस. तिसऱ्या पिरियडमध्ये आडवा पडला तो लवकर उठेना.

ओव्हिला म्हणतो, घेवडा. मी म्हणते, पंच.

संकल्प : पुढच्या शनिवारी घेवड्यात डुकराच्या चरबीचा तुकडा मोठा टाकायचा. स्टेक तो स्टेकच, फरक फक्त आकाराचा.

११ नोव्हेंबर, रविवार
संत अ‍ॅनची नऊ दिवसांची प्रार्थना आज पुरी. तिचं पदक मर्व्हच्या डाव्या पॅडच्या आत शिवून टाकलं. त्याने विचारलं, उजव्याचं काय? मी म्हटलं, पदक एकच आहे, त्या बाजूला तू जरा लक्ष दे.

काल उजव्या बाजूने पाच गोल झाले. डाव्या बाजूने दोनच. बघा.

मॅचच्या आधी मर्व्हला उलटी होते. दर वेळी. म्हणतो, गोलकीपरची जातच अशी. त्याच्यासाठी इनॅमलची बादली वेगळी काढून ठेवली आहे. बादली तोच धुतो, माझ्यासमोर, आणि माफी मागतो. अशा माणसाला देव वाऱ्यावर कसा सोडेल?

मिस्सा संपल्यावर धाकटे फादर केनेथ भेटले. बॉस्टनहून आलेले, गिटार वाजवतात. टीमसाठी एक मिस्सा वाचा म्हटलं, तर हसून म्हणाले, मिसेस वायांकूर, देव हॉकीत कुणाची बाजू घेत नाही. बॉस्टनमध्ये नसेल घेत. शेजारी हार्टवेल असलेल्या गावात ते आधी कधी राहिलेले नाहीत.

१६ डिसेंबर, रविवार
अजून सहावे. पण पाचव्यापासून दूर नाही. आणि पाचवे चौथ्यापासून दूर नाहीत. म्हणजे हिशेबाने आपण चौथ्याच्या जवळच आहोत. मी हे मर्व्हला कागदावर मांडून दाखवलं. या गल्लीत हायस्कूल पुरं केलेली मी एकटी. त्याने कागद घडी घालून खिशात ठेवला. म्हणाला, मादाम, असं मला आजपर्यंत कुणी समजावलं नव्हतं.

मादाम कॉरिव्होकडे यंदा दोन बचावपटू राहतात. ती त्यांना मॅचच्या दिवशी स्टेक देते असं सगळ्यांना सांगते. आज चर्चच्या पायऱ्यांवर मला म्हणाली, काय गं फ्लोरियान, तुझा गोलकीपर वाऱ्याने आडवा होतो म्हणे, की तुझ्या घेवड्याने? मी म्हटलं, तुझे दोघे त्याच्यासमोर उभे राहिले तर वारा तरी अडेल. बोलून घरी आले. चहात साखर घातली नाही. प्रायश्चित्त. शिवाय बचत.

६ जानेवारी १९७४, रविवार
तीन राजांचा सण. आज मार्ग सापडला.

थोरले फादर देरोशे पवित्र पाणी अजून जुन्या पद्धतीनेच करतात. आधी मीठ आशीर्वादित करायचं, मग ते पाण्यात सोडायचं. सैतान पळतो तो मिठाने. फादर केनेथ मीठ घालत नाहीत. त्यांचं पाणी म्हणजे नळाचंच, फक्त ओळखीचं.

मी थोरल्या फादरना म्हटलं, बाटलीभर द्या, घरात शिंपडायचंय. त्यांनी दिलं. खोटं काही बोलले नाही. सीझन असेपर्यंत रिंक हे आमचं घरच आहे. वर कागदात बांधून आशीर्वादित मीठही दिलं, पूर्वी गोठ्यासाठी लोक न्यायचे तसं.

आता विचार असा. गोल दोन. पाणी एक बाटली. दर पिरियडनंतर टीम बाजू बदलतात. आमचा गोलकीपर घड्याळाखालच्या गोलसमोर पहिल्या आणि तिसऱ्या पिरियडला उभा राहतो. दुसऱ्या टोकाला फक्त दुसऱ्या पिरियडला. मग दोन्हीकडे पाणी कशाला घालवा? घड्याळाखाली शिंपडलं की तीनातले दोन पिरियड आशीर्वादात जातात. एकाच्या खर्चात दोन.

१३ जानेवारी, रविवार
काल पहिला प्रयोग. मॅचआधी ओव्हिला बर्फावर शेवटचं पाणी फिरवतो आणि मग कंप्रेसरच्या खोलीत जेवायला बसतो. डबा मीच नेते. तो जेवत असताना बर्फावर चिटपाखरू नसतं. रबरी बूट घालून गेले, ‘आमच्या पित्या’ म्हणत बाटली ओतली. बर्फ हळूच चुरचुरला. अंगावर काटा आला.

जिंकलो! ४–३! आणि कसं ते लिहून ठेवते. दुसऱ्या पिरियडला घड्याळाखाली त्यांचा गोलकीपर. आमच्या एकाने पक, म्हणजे रबराची चकती, लांबून असाच ढकलला; अगदी मेलेला, घरंगळत आला. त्यांच्या गोलकीपरने काठी टेकवली. पक काठीजवळ आला आणि टुणकन उडी मारून आत गेला.

लोक म्हणाले, नशीब. म्हणू देत.

२७ जानेवारी, रविवार
ओव्हिला चिडचिडा झालाय. म्हणतो, घड्याळाखालच्या गोलसमोर बर्फाला देवीच्या व्रणांसारखे खळगे पडतात. आधी कधी पडले नव्हते. जमिनीखालून नळ गेलेत, त्यांत बर्फ गोठवणारं खारं पाणी फिरतं, कुठेतरी गळतंय असा त्याचा संशय. दाबाची चाचणी केली. गळती नाही. परत केली. नाही. जेवणही नीट जात नाही त्याला. मी म्हटलं, ओव्हिला, विश्वास ठेव, त्या जागेवर वरून लक्ष आहे. त्याने वर छताकडे बघितलं. म्हणाला, छपरातून ठिबकतंय म्हणतेस?

या दोन आठवड्यांत घरी तीन मॅच हरलो. बाहेरगावी तीन जिंकलो. असं का याचा जपमाळ घेऊन शांतपणे विचार केला. उत्तर सोपं आहे. घरी हार्टवेलचे आणि इतर गावांचे लोक येऊन आमच्या टीमला शाप देतात. तो शाप मोडायला आशीर्वाद कमी पडतो. बाहेरगावी शाप देणारे त्यांच्यातच गुंग असतात.

संकल्प : मात्रा वाढवायची.

१० फेब्रुवारी, रविवार
पाणी न्यायला जड आणि बर्फावर पसरतं. आता कोरडंच टाकते. फादरनी दिलेलं मीठ संपत आलं होतं, म्हणून वाण्याकडून डबा आणला, बारा सेंट, आणि त्यात आशीर्वादित मीठ एक चमचा मिसळलं. अख्ख्या डब्याला गुण लागतो. विरजण जसं. फादरना विचारलं नाही, उगाच त्यांना जिने चढायला लावायचे.

काल घरी. हरलो, ५–४. पण पहिल्यापेक्षा कमीने.

मर्व्ह रात्रीच्या जेवणाला म्हणाला, मादाम, माझ्या पायाखालचा बर्फ जिवंत आहे. पक बेडकासारखा उड्या मारतो. बावीस वर्षं खेळतोय, असा बर्फ पाहिला नाही. मी सूप वाढत होते. डोळ्यांत पाणी आलं. ज्याला काही सांगितलेलं नाही त्यालासुद्धा जाणवतंय!

ओव्हिला ताटलीतच बघत होता. म्हणाला, मर्व्ह, माझं काही चुकत असेल तर मारून टाक मला. मर्व्ह म्हणाला, गप रे, तुझ्या बर्फावर मी जेवेन. मग दोघांनी मागच्या पायऱ्यांवर बसून सिगरेट ओढली. काड्या माझ्या.

३ मार्च, रविवार
उपासकाळ सुरू. शुक्रवारी मांस नाही, म्हणून शुक्रवारच्या मॅचला मर्व्हला मासा. कोचने फोन केला. मी म्हटलं, साहेब, संत पीटर मासेच धरायचा, आणि स्वर्गाच्या दारावर उभं राहायचं कामही त्यालाच मिळालं. कोचने फोन ठेवला. पटलं असणार.

पाचवे! चौथ्या नंबरवर हार्टवेल, एका पॉइंटने पुढे. बाहेरगावच्या मॅचवर बाहेरगावच्या मॅच जिंकतोय. गावात लोक बोलायला लागलेत. न्हावी मर्व्हकडून दाढीचे पैसे घेत नाही. मादाम कॉरिव्होसुद्धा पायऱ्यांवर थांबून म्हणाली, काय करतेस गं तू नक्की? मी म्हटलं, आपलं काम. ती म्हणाली, माझे दोघे म्हणतात तुमच्या टोकाचा बर्फ भुताने झपाटलाय. मी म्हटलं, भूत आता तिथे पाय ठेवायची छाती करणार नाही.

१७ मार्च, रविवार
ठरलं. शेवटची मॅच येत्या शनिवारी, घरी, हार्टवेलशी. जिंकलो तर चौथे. बरोबरी झाली किंवा हरलो तर पाचवे. टटलने पेपरात पुन्हा छापलंय, माझा शब्द म्हणजे शब्द. छाप बाबा. सोमवारी परत घ्यायला तोच पेपर लागेल.

ओव्हिला दिवसभर रिंकवरच. गोलसमोरचा बर्फ खरवडून काढला, नवा चढवला, काचेसारखा केला. रात्री हाताच्या भेगांना चरबी चोळत म्हणाला, फ्लोरियान, रिंक गेली तर मी सकाळी उठून कुठे जायचं गं? एवढंच. तो असं काही बोलत नाही. मी म्हटलं, रिंकवर जायचं, दुसरीकडे कुठे.

मर्व्हने सांगितलं की हा त्याचा शेवटचा सीझन. गुडघ्यात आता काही उरलं नाही. मेहुण्याचं धान्याचं कोठार आहे, तिथे काम ठेवलंय. म्हणाला, नेहमी शेवटचाच नंबर आला मादाम, एकदा चौथा येऊन थांबायचंय. मी म्हटलं, थांबायची भाषा नको. थकवा बोलतोय. अंडं घे अजून एक. (दोन झाली. नोंद.)

२३ मार्च, शनिवार, दुपार
मर्व्ह झोपलाय. घरात चालायचं ते मोज्यांवर. घड्याळाची टिकटिक नको म्हणून घड्याळ पिठाच्या डब्यात.

आज स्टेक आणला. हो. एक डॉलर एकोणनव्वद. भाव दोनदा विचारून घेतला, पण आज कुणी काही म्हणायला नको. उपासकाळ आहे पण आज शुक्रवार नाही, त्यामुळे नियमात बसतं. बाजूला घेवडा थोडासाच.

ओव्हिलाचा डबा भरला. मीठ अख्खा डबा, त्यात फादरच्या मिठाचा शेवटचा चमचा. आज कंजुषी नाही. ओव्हिलाने आठवडाभर घासलेल्या बर्फावर एवढं तरी माझ्याकडून.

हार्टवेलने यावंच.

२४ मार्च, रविवार
हरलो. ३–२.

लिहिते. तिसरा पिरियड, २–२. गावात माणूस उरला नव्हता, सगळे रिंकमध्ये. मर्व्ह असा खेळत होता की कॉरिव्होबाईने माझा दंड धरला होता, आणि मी धरू दिला. थोडीच मिनिटं राहिली होती. आमचे हल्ल्यावर हल्ले. तेवढ्यात हार्टवेलच्या एकाने, दमलेल्या खेळाडूंना बाकावर जायला वेळ मिळावा म्हणून, पक नुसता आमच्या टोकाला ढकलून दिला. अर्ध्या रिंकवरून. मारलाही नाही, ढकलला. तो पाठ फिरवून निघालासुद्धा. पक घरंगळत आला. पोराने सोडलेल्या नाण्यासारखा. मर्व्हने काठी टेकवली.

पकने उडी मारली. काठीवरून. आत.

 मर्व्ह मागे वळून जाळीकडे बघत नव्हता, बर्फाकडे बघत होता.

लोक गेल्यावर मी वर बाकावर थांबले. ओव्हिला घड्याळाखाली गेला, गुडघ्यांवर बसला. खळग्यात बोट घातलं, जिभेला लावलं. थुंकला नाही.  मग मान वर करून शोधत शोधत माझ्याकडे बघितलं. मी हात केला.

घरी आल्यावर विचारलं, फ्लोरियान, घरात मीठ किती आहे? मी म्हटलं, काळजी नको, उद्यापुरतं आहे, डबा मात्र आज संपला. का संपला तेही सांगितलं. म्हटलं, पुढच्या सीझनला लवकर सुरू करू, मी जानेवारीपर्यंत थांबले तिथेच चुकलं. तो हसायला लागला. ठसका लागेपर्यंत. चांगलं हसणं नव्हतं ते. पाणी दिलं. मग माझा हात धरून म्हणाला, मिठाचं कुणाला बोलू नकोस. मी म्हटलं, पुण्य सांगत फिरायचं नसतं, एवढं मला कळतं.

खरा दोष त्या ढकलणाऱ्याचा. मारायचं तर मारावं.

२६ मार्च, मंगळवार
रिंकमध्ये सभा. टटल बोलला, शब्द म्हणजे शब्द. कॉरिव्होकडचा एक बचावपटू उठून ओरडला, गोल त्यांनी नाही केला, बर्फाने केला, राखणारा झोपला होता काय? सगळे ओव्हिलाकडे वळले. ओव्हिला टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, नळ गळत होता. जुना नळ. मला आधी सापडायला हवा होता. चूक माझी.

मी थक्क! दोनदा चाचणी झाली, नळ ठणठणीत, माझ्यासमोर सांगितलंय त्याने! ते सांगायला उभी राहिले तर ओव्हिलाने कोट धरून खाली ओढलं. शिवण उसवली. मर्व्ह पलीकडून म्हणाला, ओव्हिलाच्या बर्फाला नावं ठेवायची असतील तर आधी माझ्याशी बोला. आणि माझ्याकडे बघून डोळे मिटले. त्याला काय माहीत आहे कोण जाणे. पुरुषांचं पायऱ्यांवर काय बोलणं होतं ते मी विचारत नाही.

जाता जाता टटलला गाठलंच. म्हटलं, टीम नसलेल्या गावात लोक संध्याकाळी बसतील कुठे म्हणून खुर्च्या घेतील, असं वाटतं का तुला? तो म्हणाला, घरी बसतील मिसेस वायांकूर. माझ्याच खुर्च्यांवर. निर्लज्ज.

३० मार्च, शनिवार
मर्व्ह सकाळच्या बसने गेला. दोन्ही गालांचा मुका घेतला. म्हणाला, मादाम, असं घर बावीस वर्षांत मिळालं नव्हतं. बसच्या पायरीवरून म्हणाला, पुढच्या वर्षी देवाला जरा आराम द्या.

पुढच्या वर्षी म्हणाला. ऐकलं मी.

१८ ऑगस्ट, रविवार
मर्व्हला आज पत्र टाकलं. आधीच्या दोन्हींना उत्तर नाही. टपालखात्याचा कारभार. नक्कल ठेवते :

प्रिय मर्व्ह,
आम्ही मजेत. रिंकचे जमिनीतले नळ सगळे काढले. ओव्हिलानेच काढले, टटलने रोजावर लावला होता. ते काम गेल्या शुक्रवारी संपलं. नळ तसे जुनेच होते, आता नवे घालता येतील. तुझ्या गोलसमोर सध्या टटलचे सोफे आहेत, पण ते हलवायला वेळ लागत नाही. पेपरात आलंय की ग्रॅनाइट लीगच मोडली. पेपर टटलच्या जाहिरातींवर चालतो, तेव्हा मी मनावर घेतलेलं नाही.

तुझी खोली तशीच आहे. एक शिक्षक बघून गेला, पंचवीस डॉलर देतो म्हणाला. मी सांगितलं, खोली गेलेली आहे. तेव्हा येणार की नाही हे नको लिहूस, कुठल्या बसने येणार एवढंच लिही.

ओव्हिला सकाळी उठून कोट घालतो आणि स्वयंपाकघरात बसतो. तो म्हणतो, तुझ्या मेहुण्याला विचार, त्या धान्याच्या कोठारात अठ्ठावन्न वर्षांचा माणूस चालेल का. बायकोसकट. थट्टा करतो. मी म्हटलं, सीझन तोंडावर आलाय आणि तुला धान्य कसलं सुचतंय. पण पत्रात लिही म्हणून हटून बसलाय, आणि तिकिटाचे पैसे तेच लागणार आहेत, म्हणून लिहिलं.

चालत असेल तर परतीच्या टपालाने कळव.